अनुभव खरा, पण साक्ष कशाची?

आश्विनातल्या अष्टमीची रात्र होती. साताऱ्याला आजोळच्या वाड्यात माजघराच्या मधोमध महालक्ष्मी उभी केली होती, तांदळाच्या उकडीचा मुखवटा, अंगावर नवं लुगडं. उदाचा धूर इतका दाटला होता की समईची ज्योतही धूसर दिसत होती. बायका धुपवलेल्या घागरी दोन्ही हातांनी तोंडाशी धरून फुंकत होत्या आणि पायांनी ठेका धरत होत्या. सगळ्या घागरींचा मिळून एकच घुमारा होत होता आणि तो जमिनीतून पायांत चढत होता. मी नऊ वर्षांचा होतो. दाराच्या चौकटीला चिकटून बसलो होतो, कारण त्या बायकांत माझी मावशी होती.

मावशी तेव्हा पंचविशीची. घरात तिचा आवाज कुणी ऐकलेला नसायचा. अर्धा-पाऊण तास फुंकल्यावर तिचा अंबाडा सुटला, डोळे एका जागी थिजले आणि ती घुमायला लागली. आजी पुढे झाली, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. मावशीची सासू तिच्या पाया पडली. मग प्रश्न सुरू झाले. शेजारच्या काकूंचा नातू चार दिवस तापाने फणफणला होता. त्यांनी पदर पसरून विचारलं, "आई, पोराचं काय?" मावशीच्या तोंडून, पण तिच्या नसलेल्या आवाजात उत्तर आलं, "बरा होईल. काळजी करू नका."

देवीचा शब्द मिळाल्यावर त्या घरातलं वातावरण निवळलं. मुलाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं दोन दिवस लांबलं. तो वाचला नाही. लवकर नेला असता तर वाचला असता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यानंतर मावशी कधी घागर फुंकायला गेली नाही. कुणी तिला दोष दिला नाही, देवीला कोण दोष देणार? तिने मात्र स्वतःला दिला, आणि तो पुढची कित्येक वर्षं तिच्या चेहऱ्यावर दिसायचा.

ही गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे माझ्या भाच्याचा फोन. तो आइंडहोवनला नोकरी करतो. नेदरलँड्समध्ये सायलोसायबिन हे मनाची अवस्था पालटणारं द्रव्य असलेल्या मशरूमवर 2008 साली बंदी आली, पण त्याच बुरशीच्या जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी, ज्यांना तिकडे ट्रफल म्हणतात, त्या कायद्याने दुकानात मिळतात. त्याने मित्रांबरोबर त्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

"मामा, हसू नकोस. मला काहीतरी कळलंय."

"काय कळलं?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "ते सांगता येत नाही रे. मी असा वेगळा कुणी नव्हतोच. सगळं एकच होतं. आणि ते खरं होतं. आपण आत्ता बोलतोय ना, त्याहून खरं."

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे कळलं तेव्हा ती रडली. पोरगा नशेला लागला म्हणाली. हीच बहीण मावशीच्या अष्टमीची गोष्ट सांगताना आवाज खाली आणते आणि म्हणते, "तिच्यात देवी यायची." एकाच घरातली दोन माणसं, दोघांचाही 'मी' काही काळ विरघळला, दोघांनाही आपल्याहून मोठं काहीतरी भेटल्याची खात्री पटली. एकाला आपण संचार म्हणतो, दुसऱ्याला नशा. मराठीत या अवस्थांना शब्द भरपूर आहेत: साक्षात्कार, अनुभूती, संचार, भास, भ्रम, झटका. पण प्रत्येक शब्द निकाल देऊन मोकळा होतो. चौकशी व्हायच्या आधीच कुणी संत ठरतो, कुणी वेडा, कुणी व्यसनी. मी या लेखात नुसतं 'अनुभव' म्हणणार आहे.

माझं म्हणणं असं आहे. हा अनुभव खरा असतो आणि त्याला खोटं म्हणणं हा अन्याय आहे. पण अनुभव घेणारा त्यावरून जगाबद्दल जे सांगतो, ते त्या अनुभवाच्या जोरावर खरं ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे आपल्याकडे श्रद्धाळू आणि विवेकवादी असे दोघेही चुकतात, आणि त्याची किंमत काकूंच्या नातवासारखी, माझ्या मावशीसारखी माणसं मोजतात.

आधी विवेकवाद्यांच्या चुकीबद्दल, कारण ती माझीही आहे. तरुणपणी मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गावोगाव फिरलो. जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवला, निखाऱ्यांवरून चाललो. अंगात येण्याचा विषय निघाला की मी सरळ सांगायचो, हे ढोंग आहे. काही ठिकाणी ते ढोंग असतंच. पण मावशी ढोंग करत नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी सभांमध्ये तसंच बोलत राहिलो. ज्या बाईला वर्षभर कुणी विचारत नाही, तिच्या पाया एका रात्री सासू पडते, यात त्या बाईच्या मनाची काय गरज भागत असेल, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

घागर फुंकताना शरीरात काय होतं? माणूस बराच वेळ जोरजोरात श्वास सोडत राहिला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. हातापायांना मुंग्या येतात, बोटं आखडतात, डोकं हलकं होतं, आजूबाजूचं जग लांब गेल्यासारखं वाटतं. त्यात ठेका, घुमारा, धूर, जागरण, उपास आणि 'आज देवी येणार' ही सगळ्यांची अपेक्षा. चेक मानसोपचारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव्ह ग्रोफ यांनी प्रागमध्ये एलएसडी या तशाच द्रव्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या द्रव्यावर बंधनं आल्यावर 1970 च्या दशकात त्यांनी पत्नी क्रिस्टिना यांच्यासह नुसत्या वेगवान श्वासाने तशीच अवस्था आणायची पद्धत बसवली. संगीत लावायचं, डोळे मिटायचे, श्वास वाढवायचा. त्या पद्धतीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोळचं माजघर आठवलं.

म्हणजे दार एकच आहे आणि किल्ल्या अनेक. त्यातली रसायनाची किल्ली सगळ्यांत जास्त अभ्यासली गेली, कारण ती मिलिग्रॅममध्ये मोजता येते. बाझलच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमन यांनी अर्गट बुरशीतल्या द्रव्यांवर काम करताना 1938 साली एलएसडी बनवलं. त्याचा मनावर काय परिणाम होतो हे कळायला 1943 उजाडलं. सायलोसायबिन किंवा एलएसडी मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहकाला (म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरला), टू-ए प्रकारच्या, जाऊन चिकटतं. झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने 1998 साली दाखवलं की केटॅन्सेरिन हे औषध आधी देऊन तो ग्राहक अडवला तर सायलोसायबिनचा मनावरचा परिणाम जवळजवळ होतच नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये 2012 साली केलेल्या मेंदूच्या चित्रणात आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. अनुभव इतका भरगच्च, तर मेंदूचं कामही वाढलेलं असणार, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मेंदूच्या काही मध्यवर्ती भागांतलं काम मंदावलेलं होतं. आपण कोण, आपलं काय चाललंय, याचा सतत हिशोब ठेवण्याशी या भागांचा संबंध आहे. तो हिशोबनीस थोडा वेळ उठून गेला की 'मी आणि बाकीचं जग' ही सीमा पुसट होत असावी.

इथे पुष्कळ विवेकवादी थांबतात आणि म्हणतात, झालं, मेंदूतलं रसायन सापडलं, म्हणजे अनुभव खोटा. हा युक्तिवाद कच्चा आहे. आंबा पाहतानाही मेंदूत रसायनंच हलतात, म्हणून आंबा खोटा होत नाही. गणित सोडवतानाही तसंच होतं. मेंदूत काय घडलं हे कळल्याने अनुभव कसा येतो ते कळतं. त्यात दिसलेली गोष्ट बाहेर आहे की नाही, हा प्रश्न तिथेच राहतो. श्रद्धाळू माणूस हे बोट बरोबर ठेवतो आणि त्याला उत्तर द्यायला आपण बांधलेले आहोत.

माझं उत्तर असं. आंबा आहे हे मला पटतं ते फक्त मला दिसला म्हणून नाही. मी तो उचलतो, कापतो, दुसऱ्याला देतो, तो खाऊन कोय टाकतो, कोयीला कोंब फुटतो. माझी नजर चुकली असेल तर ती चूक पकडायला दहा वाटा आहेत. भाच्याच्या अनुभवात अशी वाट कोणती? तो म्हणतो, "मला खात्री होती." ही खात्रीच मला सगळ्यांत जास्त तपासाविशी वाटते.

हार्वर्डमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1870 च्या एका व्याख्यानात स्वतःचा अनुभव सांगितला. त्यांनी ईथर हुंगलं. त्या धुंदीत त्यांना विश्वाच्या रहस्याची किल्ली सापडली, काही म्हणजे काही अज्ञात उरलं नाही. भानावर येता येता धडपडत टेबलाशी जाऊन त्यांनी ते सत्य कागदावर लिहून ठेवलं. नंतर वाचलं तर लिहिलं होतं, 'सगळीकडे टर्पेंटाइनचा उग्र वास भरून राहिला आहे.' होम्स काही मूर्ख नव्हते आणि खोटंही बोलत नव्हते. 'कळलं' ही जाणीव त्यांना पूर्ण तीव्रतेने झाली होती. फक्त त्या जाणिवेच्या आत कळलेली गोष्ट नव्हती.

एरवी आपण कोडं सोडवतो, उत्तर जुळतं आणि मग 'अरे हो!' असं वाटतं. विचार आणि ती भावना जोडीने येतात, म्हणून आपल्याला वाटतं की भावना आली म्हणजे विचार बरोबर असणार. पण ती भावना मेंदूत वेगळी निर्माण होऊ शकते. इन्सुला नावाच्या भागाच्या पुढच्या टोकाला विजेची सूक्ष्म चेतना दिल्यावर एका अपस्माराच्या रुग्णाला तिच्या झटक्यापूर्वी यायचा तसाच परमानंद झाल्याचं 2013 साली प्रसिद्ध झालं आहे. अशा झटक्यांत काही रुग्णांना सगळं स्वच्छ, निःसंशय कळल्याचंही जाणवतं. दिव्यता आणि निःशंकता हे त्या अवस्थेचेच घटक आहेत. मग त्या निःशंकतेला त्या अवस्थेच्या बाजूने साक्षीदार म्हणून कसं उभं करायचं? आरोपी स्वतःच्या बाजूने साक्ष देतो, ती ऐकावी जरूर, पण तेवढ्यावर निकाल लावू नये.

यावर मला तुकोबांची ओळ ऐकवली जाते: सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता. स्वतःच्या मनाची साक्ष असताना बाकीच्यांचं काय ऐकायचं, असा तिचा अर्थ सांगतात. मला ही ओळ लहानपणापासून पाठ आहे आणि तिचा मला आधार वाटतो. पण 'ग्वाही' हा शब्द नीट पाहा. ग्वाही म्हणजे साक्ष, आणि साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. तुकोबांनी बहुमत नाकारलं, तपासणी नाकारली नाही. भोंदूंच्या राख फासण्यावर आणि डोळे झाकण्यावर त्यांच्याइतकं कडक कोण बोललंय?

आमच्याकडे या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करणारा एक मोठा माणूस होऊन गेला, गुरुदेव रा. द. रानडे. जमखंडीत 1886 साली जन्मलेले, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू, आणि स्वतः नामसाधनेत मुरलेले. महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1933 साली आला. सर्व काळांतल्या आणि देशांतल्या साक्षात्कारी पुरुषांचा एक अखंड समाज आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं. ज्यांची भाषा, धर्म, शतक वेगळं, त्यांची वर्णनं इतकी जुळतात, हा त्यांच्या दृष्टीने मोठा पुरावा होता. या युक्तिवादाबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी 'मला वाटलं म्हणून खरं' असं म्हटलं नाही, सार्वत्रिकतेची कसोटी मागितली. तरीही तो मला अपुरा वाटतो. माणसांचे मेंदू सगळीकडे सारखे आहेत, म्हणून त्यांच्या काही अवस्थाही सारख्या असणार. तापात सगळ्या देशांतली माणसं सारखीच बरळतात.

आणि जुळतं तेवढंच आपण पाहतो. अद्वैतीला सगळं एक दिसतं, भक्ताला देव समोर उभा दिसतो आणि तो वेगळा असण्यातच त्याचा आनंद असतो, बौद्ध साधकाला ना आत्मा दिसतो ना देव. मेक्सिकोतल्या वावतला या डोंगराळ गावी मारिया साबिना ही माझातेक जमातीची वैदू बाई रात्री मशरूम खाऊन मंत्र म्हणायची. गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर 1955 साली तिच्या विधीला बसला, त्याने 1957 मध्ये त्यावर लिहिलं, आणि मग परदेशी तरुणांची रीघ लागली. पुढे मारिया साबिनाने खंत बोलून दाखवली की ही माणसं येण्याआधी नुसता देव शोधायला कुणी मशरूम खाल्ली नव्हती, ती आजाऱ्याला बरं करण्यासाठी असत. तीच बुरशी, तोच ग्राहक, पण कुणी रोगाचं कारण शोधलं, कुणी देव. मावशीला महालक्ष्मी भेटली, भाच्याला विश्वाचं एकत्व. अर्थ ज्याच्या त्याच्या घरातून आला होता.

दावा जगाबद्दल असेल तर तो जगात तपासता येतो आणि तपासायलाच हवा. हृदय बंद पडल्यावर आपण छतापाशी तरंगत स्वतःकडे पाहिलं, असं काही रुग्ण सांगतात. सॅम पार्निया यांच्या गटाने यावर सरळ उपाय केला. अनेक रुग्णालयांत उंचावर फळ्या बसवून त्यांवर, फक्त वरून पाहिल्यास दिसतील अशी चित्रं ठेवली. 2014 साली निष्कर्ष आले. 2060 हृदयबंद प्रसंगांपैकी एकाही रुग्णाने फळीवरचं चित्र सांगितलं नाही. ज्या मोजक्या रुग्णांना काही दिसल्याचं आठवत होतं, त्यांच्या खोल्यांत फळ्याच नव्हत्या, त्यामुळे प्रश्न कायमचा मिटला असं म्हणणं घाईचं होईल. पण प्रश्न विचारायची रीत ही अशी.

याच्या उलट बाजूचं, आपल्याच देशातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. रामानुजन म्हणत की नामगिरी देवी त्यांना स्वप्नात सूत्रं दाखवते. त्यांची सूत्रं पाहून केंब्रिजचे गणिती हार्डी यांच्यासारखा पक्का नास्तिक थक्क झाला. त्या सूत्रांपैकी बहुतेक खरी निघाली. अविभाज्य संख्यांबद्दलचे त्यांचे सुरुवातीचे काही दावे मात्र चुकले. देवी तीच, स्वप्नं त्याच जातीची. कुठलं सूत्र खरं आणि कुठलं चुकलेलं, हे देवीने ठरवलं नाही, सिद्धतेने ठरवलं. म्हणून रामानुजनांची प्रतिभा कमी होत नाही आणि त्यांचं नामगिरीवरचं प्रेमही खोटं ठरत नाही. सूत्र कुठून आलं हा एक प्रश्न, आणि ते टिकतं का हा दुसरा.

मग या अनुभवांना किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. ती मात्र जगाच्या रचनेबद्दल माहिती देण्यात नसून माणसात होणाऱ्या बदलात आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने 36 जणांवर केलेला प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनी विचारल्यावर साधारण दोन तृतीयांश लोकांनी सायलोसायबिनचा तो दिवस आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत धरला. काहींनी तो पहिल्या अपत्याच्या जन्माच्या किंवा आईवडिलांच्या मृत्यूच्या बरोबरीचा मानला. त्याच प्रयोगात 11 जणांना मध्येच तीव्र भीतीने ग्रासलं होतं, हेही त्याच अहवालात आहे. शिवाय हे सगळे लोक आधीपासूनच काही ना काही साधना किंवा उपासना करणारे होते. पेरणी झालेल्या जमिनीवर पाऊस पडला होता.

त्याआधी, 1962 च्या गुड फ्रायडेला, बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांवर वॉल्टर पान्के यांनी प्रयोग केला होता. दहा जणांना सायलोसायबिन, दहा जणांना नायसिन हे जीवनसत्त्व. कुणाला काय मिळालं हे गुप्त ठेवलं होतं, पण थोड्याच वेळात सगळ्यांना कळून चुकलं. सायलोसायबिनवाल्यांना जे आलं ते संतांच्या वर्णनाशी जुळत होतं, म्हणून हा प्रयोग गाजला. रिक डॉब्लिन यांनी बऱ्याच वर्षांनी त्या विद्यार्थ्यांना शोधून काढलं आणि 1991 साली लिहिलं. अनेकांना त्या दिवसाने पुढेही बळ दिलं होतं. पण मूळ अहवालात नीट न आलेली एक गोष्टही पुढे आली. एक विद्यार्थी, शांतीच्या युगाची घोषणा करायला देवाने आपल्यालाच निवडलं आहे अशा खात्रीने, बाहेर रस्त्यावर निघाला होता, आणि त्याला शांत करायचं इंजेक्शन द्यावं लागलं होतं. त्याची खात्री बाकीच्या नऊ जणांच्या खात्रीपेक्षा कमी नव्हती.

खरा सार्वजनिक प्रश्न इथे सुरू होतो. अशा अवस्थेत माणूस मऊ मेणासारखा असतो. त्या वेळी त्याच्या शेजारी कोण बसलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. जपानमध्ये ओम शिनरिक्यो पंथाचा शोको असाहारा आपल्या शिष्यांना दीक्षेच्या नावाखाली एलएसडी देत असे. ते पंथाच्याच प्रयोगशाळेत बनायचं. शिष्यांत रसायनशास्त्र शिकलेले होते, हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. त्यांना आलेले अनुभव खरे होते, त्यांचा अर्थ सांगायची मक्तेदारी गुरूकडे होती. 20 मार्च 1995 ला याच सुशिक्षित माणसांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला.

आपल्याकडचा बुवा रसायन देत नाही, पण तो नेमका याच क्षणाची वाट पाहतो. कुणाला ध्यानात प्रकाश दिसला, कुणाला वारीत रडू कोसळलं, कुणाच्या अंगात आलं, की तो पुढे होऊन म्हणतो, "हे माझ्यामुळे झालं." अनुभव भक्ताचा, मालकी बुवाची. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याची एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. त्यात अंगात येणं हा गुन्हा नाही. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून दुसऱ्याला भीती घालणं, धमकावणं, हा गुन्हा आहे. अनुभव आणि त्याचा वापर यांतली रेघ या कायद्याने बरोबर जागी ओढली आहे. तीच रेघ आपण घराघरांत ओढायला हवी.

रसायनांबाबत मात्र आपला 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा अशी रेघ ओढत नाही. भांगेची पानं त्याच्या व्याख्येबाहेर, म्हणून महाशिवरात्रीला कुणाचं काही अडत नाही. सायलोसायबिन आणि एलएसडी सरसकट आत. मी कुणाला हे पदार्थ घ्या असं सांगत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर अनोळखी माणसाकडून काहीतरी घेऊन गिळणं हा धोकाच आहे: आत काय आहे ते माहीत नसतं, आणि ज्याच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र उन्माद-नैराश्याचा आजार आहे, त्याला त्यातून परत येणं अवघड होऊ शकतं. पण वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मरणाच्या भीतीने किंवा हट्टी नैराश्याने पिचलेल्या रुग्णांवर याचा अभ्यास आपणही करायला हवा. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन वापरायची परवानगी दिली. अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याला परवानगी नाकारली गेली. त्यातला एक आक्षेप मार्श चॅपेलमध्ये होता तोच: खरं औषध कुणाला मिळालं हे रुग्णाला लगेच कळतं, मग गुण औषधाचा की अपेक्षेचा? या प्रश्नांवर काम करायला घागर, भजन, वारी, विपश्यना, श्वास या सगळ्यांची शिदोरी असलेल्या आपल्या देशाइतकी चांगली जागा कुठली?

भाच्याशी मी नंतर पुष्कळदा बोललो. "सगळं एक आहे हे खरं की खोटं?" असं मी त्याला विचारलं नाही. काय झालं ते सगळं सांग, असं म्हणालो. त्याने सांगितलं. मग विचारलं, त्यावरून तू काय काय मानायला लागलास? तो थबकला. म्हणाला, बाबा गेल्यापासून आईशी नीट बोललो नव्हतो, ते त्या रात्री फार लागलं. आणि हो, मृत्यूनंतर काहीतरी असतं असं आता वाटतं. मी म्हटलं, पहिलं तुला आतून कळलं, त्याला माझ्या परवानगीची गरज नाही, आईला फोन कर. दुसऱ्याला पुरावा लागेल, आणि तो त्या रात्रीत नव्हता. त्याने वाद घातला, अजूनही घालतो. आईला मात्र तो तेव्हापासून दर रविवारी फोन करतो.

तीन वर्षांपूर्वी कोथरूडला मामेबहिणीच्या फ्लॅटमध्ये महालक्ष्मी होती. मावशी आता शहात्तरची. कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. घागरी घुमायला लागल्यावर ती उठली आणि सुनेच्या हातातली घागर तिने मागून घेतली. पन्नास वर्षांनी. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो. पहिल्यांदा सूर लागेना, मग लागला. थोड्या वेळाने तिची नजर तशीच एका जागी ठरली. एक बाई हळदकुंकवाचं तबक घेऊन लगबगीने पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "विचारा, विचारा काहीतरी."

माझी बहीण उठून मध्ये उभी राहिली. "आज हिला कुणी काही विचारायचं नाही," म्हणाली.

मावशीला ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. दम होता तोवर ती फुंकत राहिली. मग खाली बसली, पाणी प्यायली, आणि बोटं उघडमीट करत मला म्हणाली, "मुंग्या आल्यात रे नुसत्या."